पाळीनं वाटलेल्या गोळ्या

२१ जुलै, सोमवार, सकाळ. जागा: आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्याचा ओटा.

हजर: मी. माझी धाकटी जाऊ, जिच्यासाठी सगळे जमलो होतो. धाकटे दीर, सातपूरच्या कंपनीतून रात्रपाळी करून घरी न जाता थेट आलेले. गल्लीच्या आशा सेविका, आशाताई. आणि क्षयरोगाचं काम बघणारे कर्मचारी, ज्यांना आमच्या मळ्याच्या वस्तीत सगळे 'टीबीचे सर' म्हणतात. गैरहजर: डॉक्टर. ती जागा उन्हाळ्यापासून रिकामी आहे.

विषय एकच होता. जाऊला जानेवारीत टीबी निघाला. सरकारी औषध सुरू झालं, ती सुधारली, आणि जूनमध्ये खोकला परत आला. तिचा बेडका तपासणीला गेला होता. तिच्या छातीतले जंतू नेहमीच्या गोळ्यांना अजून दाद देतात की नाही, त्याचा निकाल त्या दिवशी येणार होता. दाद देत असतील तर राहिलेलं औषध पुरं करायचं आणि सुटायचं. देत नसतील तर काय, हे कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

सर मोबाईल उंच धरून ओट्याच्या टोकाला उभे होते. आत रेंज येत नाही.

"इमारत नवी बांधली, पण रेंजला बाहेरच यावं लागतं," आशाताई म्हणाल्या.

"आत पंखा तरी आहे," दीर म्हणाले.

"पंखा आहे भाऊ. लाईट नाय."

जाऊ हसली, आणि हसता हसता खोकली. मग पदर तोंडाला लावून बसली.

हा दवाखाना मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघते आहे. माझं माहेर नांदगावचं. नाशिकला दिली तेव्हा आईला एका गोष्टीचं समाधान होतं, की पोरगी शहरात चालली, दुखण्याखुपण्याला डॉक्टर हाताशी असेल. पहिली बरीच वर्षं ते खरंही होतं. दवाखाना तेव्हा कौलारू होता. दोन खोल्या आणि पुढे पडवी. एका खोलीत डॉक्टर, दुसरीत कंपाउंडर. औषधाला बाटली आपली न्यायची. कंपाउंडर तिच्यात लाल मिक्श्चर ओतायचा आणि कागदाच्या पट्टीला कात्रीनं खाचा पाडून ती बाटलीला डकवायचा. एक खाच, एक डोस. वाचता न येणाऱ्या माझ्या सासूबाईंना ते पुरेसं होतं.

नंबर लावायचा तो चपलांनी. मळ्यातल्या बायका भल्या सकाळी मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधून मार्केटला धाडायच्या आणि येता येता दवाखान्याच्या पायरीवर चपला ठेवून घरी परतायच्या. त्यासाठी प्रत्येक घरात एक जुना जोड वेगळा असायचा. नऊ वाजता दार उघडेपर्यंत चपलांची रांग पार रस्त्यापर्यंत जायची आणि आजारी माणसं घरात निवांत झोपलेली असायची. मागच्या क्वार्टरमध्ये राहणारी नर्सबाई रोज ओरडायची, "चपलांना इंजेक्शन देऊ का मी? माणसं आणा!" पण रांग ती कधी मोडायची नाही. उलट एखाद्याच्या घरी लहान पोर तापानं फणफणलंय हे तिला ठाऊक असलं, तर त्याच्या चपला ती स्वतः उचलून पुढे ठेवायची. कुणाच्या चपला कोणत्या, हे तिला पाठ होतं. मळ्यातली निम्मी पोरं तिच्याच हातावर जन्मली. माझी दोन्ही आणि जाऊची थोरली.

नंतर काय काय झालं ते मला क्रमानं आठवतं, कारण दर वेळी वाटायचं की आता सुधारणा होते आहे. आधी कंपाउंडर निवृत्त झाला. त्याच्या जागी कुणी आलं नाही, पण बाटल्यांऐवजी पाकिटातल्या गोळ्या आल्या, तेव्हा कंपाउंडर हवाच कशाला, असं आम्हीच म्हणालो. मग नर्सबाई गेली. बाळंतपणाच्या खोलीवर 'तात्पुरते बंद' अशी पाटी लागली. ती पाटी इतकी वर्षं राहिली की तिचा रंग उडाल्यावर कुणीतरी ती परत रंगवून लावली. क्वार्टर पाडलं. डॉक्टर कंत्राटी झाले. एखादा रुळतो आहे असं वाटेपर्यंत त्याचं कंत्राट संपायचं.

सिंहस्थ आला की मात्र दवाखान्याचं रूप पालटायचं. साधुग्रामाच्या बंदोबस्तासाठी बाहेरगावचे डॉक्टर यायचे, नवे पलंग यायचे, भिंती पिवळ्या व्हायच्या. पर्वण्या आटोपल्या की डॉक्टर आपापल्या गावी आणि पलंग कुठेतरी तिसरीकडेच. मी असे दोन सिंहस्थ पाहिले. आता पुढचा तोंडावर आहे आणि रस्ते उकरून ठेवले आहेत. दवाखान्याला फरशा बसल्या, उतार बांधला, स्टीलचा कठडा आला. आत एक मशीन प्लॅस्टिकच्या कागदातच आहे. ते चालवणारा माणूस मंजूर व्हायचा आहे. इमारत वाढत गेली तसा आतला माणूस कमी होत गेला.

सासऱ्यांना टीबी झाला तो जुन्या आणि नव्याच्या मधल्या काळात. त्या काळची एक पद्धत मला फार आवडायची. टीबीचा पेशंट नोंदला की त्याच्या नावाचा एक डबा यायचा. पुठ्ठ्याचा, लाल. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंतच्या सगळ्या गोळ्या त्यात. डब्यावर सासऱ्यांचं नाव लिहिलं की तो डबा त्यांचा. दवाखान्यात कितीही टंचाई असो, त्या डब्याला दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही. मी सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये स्टोअर सांभाळते. बेअरिंगं, कटर, ऑइल. ज्या कामाला माल लागणार तो काम सुरू व्हायच्या आधी बाजूला काढून ठेवायचा, हा आमचा पहिला नियम. तेव्हाच्या सरकारला तो कळत होता. सासरे दिवसाआड सकाळी दवाखान्यात जायचे, सगळ्यांदेखत गोळ्या गिळायचे आणि येताना एक केळं खात यायचे. दिवसाआडच, कारण तेव्हा औषध तसंच असायचं. ते ठणठणीत बरे झाले आणि पुढे बरीच वर्षं जगले.

जाऊ त्या वेळी नवीन होती. सासऱ्यांच्या औषधाचा दिवस कोणता, हे लक्षात ठेवायचं काम तिच्याकडे होतं.

तिचं स्वतःचं दुखणं सुरू झालं ते मागच्या थंडीत. ती मळ्याचा उरलेला तुकडा करते. मेथी, शेपू, दसऱ्याला झेंडू. खोकल्याला तिनं दोन महिने धुकं, फवारणी आणि दिरांची बिडी अशी तीन कारणं लावली. खासगी डॉक्टरच्या सिरपच्या बाटल्या झाल्या. शेवटी आशाताई दारात ठाण मांडून बसल्या.

"डबीत थुंकायचंय फक्त. लाजायला काय झालं?"

"लाजत नाय गं. निघालं काही तर मार्केटमध्ये माझी भाजी कोण घेईल?"

"मार्केटमध्ये सांगायला मी जाते का?"

"तुझं काय सांगावं. तू घराघरात पोलिओचं सांगत फिरतेस, तसं हे बी सांगशील."

डबी दिली. टीबी निघाला. जाऊनं आपलं ताट-तांब्या आपणच वेगळा केला आणि मी तो परत एकत्र केला. यावरून आमचं आठवडाभर भांडण चाललं. औषध मात्र तिनं मनापासून सुरू केलं. आता गोळ्या रोज घ्यायच्या असतात, चारी औषधं एकाच गोळीत. संक्रांत गेली, ताप उतरला, जेवण वाढलं. होळीला तिनं स्वतः पुरण वाटलं. सासऱ्यांसारखीच सुटणार, असं आम्ही धरून चाललो.

मार्चमध्ये पहिल्यांदा महिन्याच्याऐवजी आठवड्याच्या गोळ्या मिळाल्या. मग कधी तीन दिवसांच्या. मग काही नाही.

मी सरांना गाठलं. "सर, कमीत कमी साठा किती ठेवता तुम्ही? किती उरला की मागणी लावता?"

"ताई, आम्ही ठेवत नाही. आम्हाला देतात."

"पण संपणार हे आधी दिसलं असेल ना?"

"दिसलं होतं. वर कळवलंय. वरून येत नाहीये."

"वर म्हणजे कुठे?"

सरांनी बोट वर केलं. छताकडे. ते चेष्टा करत नव्हते. तो माणूस वाईट नाही. त्यांच्याकडे आमच्यासारख्या तीन दवाखान्यांचं काम आहे आणि स्वतःच्या मोटारसायकलवर ते दिवसभर फिरत असतात. गोळी पेशंटनं समोर गिळायची, ही जुनी पद्धत केव्हाच मोडली. आता ते फोन करतात, "औषध चालू आहे ना?" आणि पेशंट म्हणतो, "चालूय."

मी माझ्या परीनं शोध घेतला. मेनरोड, शालीमार, सीबीएसच्या मागची मेडिकलची दुकानं. ही गोळी आम्ही ठेवत नाही, ती सरकारातच मिळते, हे उत्तर सगळीकडे. नणंद कळवणला असते, तिला फोन केला. ती तिथल्या सरकारी दवाखान्यात जाऊन आली आणि म्हणाली, "वहिनी, इथं तर लोक नाशिकहून आणा म्हणतायत." वर्कशॉपच्या मालकांच्या ओळखीनं थोड्या गोळ्या मिळाल्या, त्या संपल्या. मग पुन्हा दवाखान्यात थोड्या आल्या. जाऊला विचारलं की ती म्हणायची, "भागतंय बाई. खंड नाय पडू दिला." मला ते पुरेसं वाटलं. तिच्या चेहऱ्यावर तजेला होता, ती वाफ्यात बसून खुरपत होती.

ते कसं भागत होतं, हे मला २१ जुलैला त्या ओट्यावर कळलं.

निकाल यायला उशीर होता म्हणून सरांनी मोबाईलमध्ये राहिलेली माहिती भरायला घेतली. नेहमीचा प्रश्न विचारला. "मधल्या टंचाईत किती दिवस गोळ्या चुकल्या, काकू?"

"चुकवल्या नाय," जाऊ म्हणाली. "सारख्या घेतल्या. एक दिवस माझा, एक दिवस त्याचा."

सरांनी वर पाहिलं. "कुणाचा?"

"तो नाय का, स्लॅबच्या कामावरचा. सुरगाण्याकडचा. त्याला बी तुम्हीच औषध देता की."

तो माणूस मला माहीत होता. आमच्या शेजारच्या मळ्याची जमीन बिल्डरनं घेतली आणि तिथं इमारत उठते आहे. तो गवंड्याच्या हाताखाली काम करायचा. बायको आणि एक लहान मुलगी घेऊन पत्र्याच्या खोलीत राहायचा. जाऊच्या आणि त्याच्या औषधाची सुरुवात पाठोपाठचीच. टंचाईच्या दिवसांत दोघं दवाखान्याच्या पायरीवर सोबत बसायचे. एकदा जाऊला पाकीट मिळालं आणि तिच्यावर साठा संपला. तो मागे उभा होता. म्हणाला, "बाय, आज बी नाय भेटला औषध," आणि कामावर जायला निघाला. जाऊनं त्याला हाक मारून थांबवलं.

हे सगळं तिनं त्या सकाळी सरांना सांगितलं, जरा अभिमानानंच. त्यात लपवण्यासारखं तिला काही वाटत नव्हतं.

"पाकीट माझ्याकडंच ठेवलं. आज मी घ्यायची, उद्या तो कामावर जाताना येऊन घ्यायचा. दारातच पाणी द्यायचे मी. पुढच्या बारीला त्याला मिळालं, मला नाय, तर तो घेऊन आला सगळं पाकीट. एक गोळी इकडची तिकडं नाय केली त्यानं. लय इमानी माणूस."

"किती दिवस चाललं हे?" सरांचा आवाज खाली आला होता.

"टंचाई होती तवर. एप्रिल, मे. जूनमध्ये बी."

"काकू, औषध रोज घ्यायचं असतं."

"ते ठाऊक हाय. पण मिळतच नव्हतं, तर काय करणार? आणि मामंजी तर दिवसाआडच घ्यायचे की. बरे झाले ना? बाई, सांगा यांना. तुम्ही बघितलंय."

मी बघितलं होतं. सासऱ्यांचं ते वेळापत्रक तिनंच सांभाळलं होतं. तिच्या दृष्टीनं ती चुकत नव्हती. घरात एकदा यशस्वी झालेलं तेच ती करत होती.

आणि वाटून घेणं तर तिच्या रक्तातलं. तिचं माहेर डाव्या कालव्याच्या अगदी शेवटच्या टोकाला. कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटलं की वरचे लोक आपली शेतं भरून घेतात आणि टोकाच्या माणसाच्या वाट्याला चारीतला चिखल येतो. म्हणून त्यांच्या गावात पाण्याची पाळी देवासारखी मानतात. पाणी कमी असलं तर पाळी छोटी करायची, पण कुणाची पाळी बुडवायची नाही. आज तुझा वाफा, उद्या माझा. कांदा थोडा बारीक निघेल, पण कुणाच्याच घरी शून्य निघणार नाही. तिनं गोळ्यांनाही पाण्यासारखीच पाळी लावली होती.

सर ओट्यावर तिच्या शेजारी बसले. त्यांनी रागावून बोलायला हवं होतं असं मला आधी वाटलं, पण ते रागावले असते तर ऐकणं सोपं गेलं असतं.

"काकू, मामंजींच्या वेळची गोळी वेगळी. तिची मात्रा दिवसाआडच्या हिशोबाची होती. या गोळीची रोजची आहे. साप मारायला घेतला आणि अर्धमेला सोडला, तर काय होतं?"

"डूख धरतो."

"तसं. एक दिवस औषध, एक दिवस नाही, असं झालं की जंतू मरत नाही. औषध ओळखायला शिकतो. मग त्याला ते लागत नाही."

दीर इतका वेळ भिंतीला टेकून डोळे मिटून उभे होते. ते म्हणाले, "तू मला का नाय बोलली?"

"तुम्ही घरी असता कवा?"



तेवढ्यात सरांच्या मोबाईलवर निकाल आला. ते उठून कठड्यापाशी गेले आणि पाठ करून वाचायला लागले. एका ओळीचा निकाल इतका वेळ कुणी वाचत नाही. आम्ही चौघं त्यांच्या पाठीकडे बघत होतो. आशाताईंनी जाऊचा हात धरला होता. सर वळले ते माझ्याकडे बघत, जाऊकडे नाही.

"मुख्य औषध लागू पडत नाहीये," ते म्हणाले. "दुसऱ्या गोळ्या सुरू कराव्या लागतील. आधी सिव्हिलला नेऊन तपासण्या. हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, रक्त, डोळे."

"त्या गोळ्या आहेत साठ्यात?" मी विचारलं.

"मागणी लावतो आजच."

"सर, आहेत का?"

"ताई, मागणी लावतो म्हणालो ना."

जाऊचा प्रश्न वेगळाच होता. तिनं तो इतक्या हळू विचारला की सरांना दोनदा ऐकावा लागला.

"त्याला बी असंच झालं असंल का?"

सर म्हणाले, सांगता येत नाही, तपासल्याशिवाय कळणार नाही. कदाचित तुमच्या छातीतला जंतू आधीपासूनच हटवादी असेल, गोळ्या वाटल्या नसत्या तरी हेच झालं असतं. कोणामुळे काय झालं हे आता शोधू नका. त्यांनी हे चांगल्या मनानं सांगितलं. पण जाऊनं त्यातलं पहिलंच वाक्य धरलं.

"मंजे झालं असंल. मी त्याला दारात बोलावून पाणी दिलं. बाई, मी इख दिलं का हो त्याला?"

आत कुणीतरी पंख्याचं बटण खालीवर करून बघत होतं.

तो माणूस तेव्हा नाशकात नव्हताच. जुलैच्या सुरुवातीलाच आवणीला गावी गेला होता, बायको-मुलीला घेऊन. दरवर्षी पावसाळ्यात ते सगळे जातात, भाताची लावणी उरकली की परततात. सरांनी त्याचा नंबर लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मोबाईलमधल्या त्याच्या नावापुढे त्यांनी 'गावी गेला' असं भरलं आणि त्याचं नाव सुरगाण्याकडच्या कर्मचाऱ्याकडे पाठवलं.

"आता तिकडचे लोक बघतील," ते म्हणाले.

"गाव कोणतं टाकलंत?" मी विचारलं.

"तालुका टाकलाय. गाव त्यानं इथं नोंदवताना आपल्या साइटचाच पत्ता दिला होता."

दवाखान्यातून आम्ही घरी आलो तेव्हा मार्केटची गाडी येऊन गेली होती आणि मेथी काढायची राहिली होती. जाऊनं खुरपं घेतलं. मी ते हातातून काढून घेतलं, तर म्हणाली, "काढून नाय ठेवली तर उद्या फुलंल ती. मग गुरं बी खायची नाय." मग आम्ही दोघींनी मिळून काढली. ती खाली मान घालून जुड्या बांधत होती आणि मधेच म्हणाली, "त्याच्या पोरीचं नाव काय होतं, आठवतंय का तुम्हाला? मला आठवंना." मलाही आठवलं नाही.

पुढचे दिवस सिव्हिलमध्ये गेले. एक दिवस पट्टीचं मशीन चालू होतं पण माणूस नव्हता, एक दिवस माणूस होता पण कागद संपला होता. मी वर्कशॉपमधून रजा काढत राहिले. मालक म्हणाले, "ताई, तुमच्याशिवाय स्टोअर अडतंय," आणि मी त्यांना म्हणाले की साहेब, आपलं स्टोअर अडलं तर एखादं मशीन थांबतं. नव्या गोळ्या आल्या, उशिरा आल्या पण आल्या. पहिल्या आठवड्यातच जाऊच्या तळपायांची आग व्हायला लागली आणि सकाळी पोटात काही ठरेना. औषध चालू ठेवायचं का थांबवायचं, हे विचारायला दवाखान्यात डॉक्टर नाहीत. सर म्हणतात, थांबवू नका. ते डॉक्टर नाहीत, हे तेही सांगतात.

गोळी घेताना ती आता दाराकडे पाठ करून बसते. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "तो यायचा तिथूनच."

सरांना मी दर आठवड्याला विचारते. सुरगाण्याकडच्या कर्मचाऱ्याला त्यांचा मेसेज पोहोचला आहे, दोन निळ्या खुणा दिसतात. उत्तर नाही. तिकडेही एका माणसाकडे किती पाडे असतील कुणास ठाऊक. आशाताईंनी बांधकामावरच्या मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, "ही माणसं येतात आपापली, जातात आपापली. आवणी झाली की येईल. नाय आला तर दुसरा येईल." गवंडी जरा बरा निघाला. त्यानं सांगितलं, सुरगाण्याच्या पुढे गुजरातच्या हद्दीकडे जाणारी जीप घ्यायची, शाळेच्या अलीकडे ओहळ लागतो, तिथं उतरून कुणालाही विचारायचं. पाड्याचं नाव त्यालाही नक्की येईना. त्यानं दोन नावं सांगितली आणि म्हणाला, या दोनांतलं एक.

मी जायचं ठरवलं आणि पिशवी भरली. सिव्हिलच्या कागदाची झेरॉक्स, सरांचा नंबर, थुंकीच्या दोन डब्या. त्याच्या बायकोची आणि मुलीची पण तपासणी करून घे, हेही सांगायचं होतं. जाऊनं वर मेथीची जुडी आणि पेंडखजूर ठेवले. म्हणाली, "त्याला म्हणावं, मला ठाऊक नव्हतं." मी म्हणाले, ते तूच सांग, तो परत आल्यावर. तिनं पिशवीचं तोंड बांधलं.

पहिल्या रविवारी जाऊला इतक्या उलट्या झाल्या की तिला सलाइन लावायला खासगीत न्यावं लागलं. दुसऱ्या रविवारी घाटात दरड आली म्हणून गाड्या बंद होत्या. त्या दिवशी पिशवीतली मेथी वाळली ती मी काढून टाकली. तिसऱ्या रविवारी दिरांची पाळी बदलली, आणि जाऊला एकटी ठेवून जाणं शक्य नव्हतं. तिला उठून बसायलाही आधार लागतो.

सर काल म्हणाले, त्याचा फोन अजून बंदच आहे. आवणी संपत आली असेल. तो गोळ्या घेतो आहे का, कुठल्या घेतो आहे, त्याच्याकडे आहेत तरी का, कुणालाही माहीत नाही. तो बरा आहे असं समजून राबत असेल, तर घरातल्या सगळ्यांसोबत एका खोलीत झोपत असेल.

पिशवी दाराशी भरलेली आहे. सुरगाण्याला जायचं राहिलं आहे.